मेजरसाहेबांचे लीक

आमच्या कोल्डबर्न या कोळसा-खाणीच्या गावात ज्याची थट्टा होत नाही, तो माणूस एक तर पाहुणा असतो, नाहीतर अखेरच्या घटका मोजत असतो. माझा नवरा स्टॅन खाणकामगारांच्या क्लबचा कारभारी. त्याला त्याच्या टकलावरून, पाणचट बिअरवरून आणि माझ्या तोंडाळपणावरून रोज ऐकून घ्यावं लागायचं. पाद्री सुटला नाही, डॉक्टर सुटला नाही. फक्त एका माणसाशी सगळं गाव जपून बोलायचं, ते म्हणजे मेजर विल्फ हिंडमार्श. ते काही पाहुणे नव्हते, आणि तब्येतही खणखणीत होती. आमच्याच खाणीच्या वस्तीत, माझ्या माहेरापासून चार दारं सोडून त्यांचा जन्म. पण सैन्यातून निवृत्त होऊन परत आल्यावर कितीतरी वर्षं त्यांना कोणी एक वाकडा शब्द बोललं नाही. त्यापायी त्या माणसाचा जीव कासावीस होत होता, हे आमच्यापैकी कोणाच्या टाळक्यात शिरलं नाही.

त्यांचे वडील जॉस हिंडमार्श खाणीत कोळसा फोडायचे आणि वर आले की लीक वाढवायचे. लीक म्हणजे दिसायला कांद्याच्या पातीचा थोरला भाऊ, पण आमच्याकडचे लीक दंडाएवढे जाड असतात. आमच्या पुरुषांना लग्नाचा वाढदिवस आठवणार नाही, पण शेजाऱ्याच्या लीकचा घेर तोंडपाठ असतो. छोट्या विल्फचं काम म्हणजे बापाच्या लीकसाठी चर खणायचा आणि गाडीघोड्यामागून लीद गोळा करायची. शेजारचा मॅटी लिडल त्याच्या जोडीला. दोघं एकाच दिवशी खाणीत लागले, दोघांना कोळशाच्या गाड्या ओढणारी तट्टं सांभाळायचं काम मिळालं, आणि दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे.

खाणीतल्या पोरांना तेव्हा सैन्याची सक्ती नव्हती. उलट पोरं खाण सोडून जाऊ नयेत म्हणून सरकार हाता-पाया पडत होतं. तरी विल्फ गेला. का, तर म्हणे दिवसाचा उजेड बघायचाय. जॉसने कित्येक आठवडे त्याचं नाव घरात काढू दिलं नाही. मॅटी मात्र त्याला स्टेशनवर सोडायला गेला आणि गाडी हलेपर्यंत त्याला यथेच्छ शिव्या घालत होता. माझी आई सांगायची, गाडी गेल्यावर तो तिथल्याच बाकावर बसून रडला.

पुढचं आम्हाला वर्तमानपत्रातून कळत गेलं. कोरियातल्या एका बोडक्या टेकडीवर, बंदुकीचं लोखंड हाताच्या कातडीला चिकटावं अशा थंडीत, सार्जंट हिंडमार्शने तुकडीतले जखमी एकेक करून उतारावरून खाली ओढत आणले. शेवटचा माणूस खाली पोचल्यावर म्हणाला, माझ्याही खांद्यात काहीतरी घुसलंय, सवड झाली की बघा. त्याबद्दल पदक मिळालं. मग त्याला अधिकारी केलं. शिपायातून वर आलेल्या माणसाला साहेबांच्या पंगतीत काय सोसावं लागतं ते त्याचं त्याला ठाऊक. काटा कसा धरायचा इथपासून 'आई' कसं उच्चारायचं इथपर्यंत सगळं नव्याने शिकावं लागलं. पुढे बोर्निओच्या जंगलात, नदी ओलांडताना गोळीबारात सापडलेली तुकडी एकही माणूस न गमावता त्याने मागे आणली, तेव्हा दुसरं पदक. लग्न केलं होतं. बायको जर्मनीतल्या लष्करी छावणीत असताना आजारपणात गेली. मूलबाळ नव्हतं. पुढे मेजर होऊन निवृत्त झाल्यावर कुठे जायचं, हा प्रश्नच नव्हता म्हणे. कोल्डबर्नची बस पकडली.

आणि आम्ही काय केलं? आम्ही बसथांब्यावर खाणीचा बँड उभा केला.

तिथेच सगळं बिघडलं, असं मला वाटतं. मॅटी, तोच स्टेशनवर शिव्या घालणारा मॅटी, आता क्लबचा सेक्रेटरी होता. तो टाय बांधून पुढे झाला, हात पुढे केला आणि म्हणाला, "मेजरसाहेब, गावाला आपला अभिमान आहे." मेजरनी एक क्षण त्याच्याकडे बघितलं आणि त्या साहेबी उच्चारात म्हणाले, "फार फार आभारी आहे, मिस्टर लिडल." झालं. त्या दिवसापासून दोघंही त्याच सुरात अडकले.

क्लबात शेकोटीजवळची खुर्ची मेजरसाहेबांची ठरली. ते नसले तरी तिच्यावर कोणी बसायचं नाही. बारच्या वर त्यांचा गणवेषातला फोटो लागला. ते आत आले की पत्ते खेळणाऱ्यांच्या तोंडचा शिवराळपणा बंद व्हायचा, आणि आमच्या लोकांना शिवी वगळून बोलायचं म्हणजे मुकं होण्यासारखंच. मेजर बिअरचा पेला घेऊन त्या खुर्चीत ताठ बसायचे. पलीकडच्या बाकांवर परत हशा सुरू झाला की त्यांचं डोकं किंचित तिकडे वळायचं. मी काउंटरमागून बघायची. मला वाटायचं, गोंगाटाचा त्रास होत असेल बिचाऱ्यांना. एकदा तर मी पोरांना दटावलंही.

दर सप्टेंबरात क्लबाचं लीकचं प्रदर्शन भरतं. त्यात भाग घेणाऱ्या प्रत्येकाला बक्षीस असतं. टेबलावर घरगुती वस्तू मांडतात आणि पहिला आलेला पहिल्यांदा उचलतो, मग दुसरा, असं करत शेवटच्याला जे उरेल ते. त्यामुळे शेवटून पहिला येणाऱ्यालाही रिकाम्या हाताने घरी जाण्याची सोय नाही. नियम एकच कडक आहे, बक्षिसं वाटणाऱ्याने स्पर्धेत उतरायचं नाही. फार पूर्वी एका पाद्र्याने बक्षिसं वाटता वाटता स्वतःलाच पहिलं दिलं होतं, तेव्हापासूनचा हा नियम.

बक्षिसं कोणी वाटायची, हे मेजर आल्यापासून कोणी विचारलंच नाही. दर ऑगस्टात मॅटी टाय बांधून त्यांच्या दारी जायचा. ते 'हो' म्हणायचे. मग प्रदर्शनाच्या शनिवारी पदकं लावून, बूट आरशासारखे करून यायचे आणि प्रत्येकाशी हात मिळवत चादरी आणि इस्त्र्या वाटायचे.

प्रदर्शनानंतरच्या सोमवारी सकाळी ते न चुकता क्लबाच्या मागच्या दाराशी यायचे. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेले लीक. "घरच्या बागेतले आहेत, मिसेस गाउलंड. आपल्या स्वयंपाकाला उपयोगी पडतील." मी ते चिरायची, पिठाच्या पारीत भरायची, फडक्यात बांधून उकडायची, आणि ते लीकचं पुडिंग मटणाच्या रश्श्याबरोबर क्लबातले सगळे चाटूनपुसून खायचे. मेजरसुद्धा आपल्या खुर्चीत बसून खायचे. म्हणायचे, उत्तम झालंय.

एका वर्षी स्टॅनची कंबर धरली होती आणि क्लब जरा निवांत होता. मी लीक धुवायला घेतले आणि थबकले. धुवायला काही नव्हतंच. पानापानाच्या बेचक्यातली माती कोणीतरी मऊ फडक्याने पुसून काढली होती. मुळं विंचरून एका बाजूला वळवली होती. तीन लीक होते, तिन्ही एकाच मापाचे, जुळे-तिळे असावेत तसे. नाकाजवळ नेले तर आंबूस वास. दूध! पानांना तकाकी यावी म्हणून दुधाने पुसतात, पण ते प्रदर्शनाच्या लीकला. पुडिंगसाठी कोणी लीकची मुळं विंचरत नाही.

मी लीक खाली ठेवले. म्हणजे हा माणूस दरवर्षी लीक तयार करतो, प्रदर्शनाला नेण्यासारखे पुसतो, विंचरतो आणि मग पदकं लावून लोकांचे लीक बघायला येतो. आणि सोमवारी स्वतःचे माझ्या पातेल्यात आणून टाकतो.

पुडिंग झाल्यावर मी वाडगं घेऊन थेट त्यांच्या घरी गेले. पुढचं दार वाजवलंच नाही, मागून शिरले. उंच कुंपणाच्या आत लीकचा चर. असा चर मी जन्मात बघितला नाही. दोरी लावून काढलेला, कोपरे काटकोनात, पाणी निघून जायला तळाशी बारीक खडी. त्या चरात आमची अर्धी वस्ती आरामात लपली असती. लीक मात्र बेताचेच, हे मीही सांगू शकले असते.

मेजर खुरपं पुसत उभे होते. मला बघून कानापर्यंत लाल झाले.

"हे किती वर्षं चाललंय?" मी विचारलं.

"आल्यापासून."

"मग आणत का नाही क्लबात?"

"मिस्टर लिडल बक्षिसं वाटायला बोलावतात. त्यांना नाही कसं म्हणायचं? मोठ्या मानाने येतात हो. टाय बांधून."

"टाय बांधून तर तो दाताच्या डॉक्टरकडेही जातो. सांगा ना त्याला, यंदा नाही म्हणून."

त्यांनी पुसलेलं खुरपं परत पुसलं. मग म्हणाले, "आणि समजा उतरलो, आणि त्यांनी मला पहिला नंबर दिला तर?"

मला आधी कळलंच नाही. मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि कळलं. या माणसाला हरण्याची धास्ती नव्हती. आदराने पहिला नंबर मिळेल आणि मग कायमचंच त्या खुर्चीत बसावं लागेल, याची होती.

"परीक्षक परगावचा असतो," मी म्हटलं. "त्याला नुसते आकडे दिसतात, नावं नाही. आणि तुमचे लीक मी बघितलेत, मेजर. पहिल्या नंबराची काळजी तुम्ही अजिबात करू नका."

मी आगाऊपणे बोलून गेले आणि जीभ चावली. पण त्यांचा चेहरा असा खुलला की मी बघतच राहिले. इतक्या वर्षांत त्यांना कोणी पहिल्यांदाच वाकडं बोललं होतं.

"कोरियात नाही घाबरलात आणि इथे घाबरता?"

"कोरियात घाबरलो होतो ना," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच आमच्या वस्तीचा सूर त्यांच्या तोंडून आला. "पण तिथे मॅटी नव्हता गं."

माझ्या पोटात काही राहत नाही हे गावाला माहीत आहे. पुढच्या उन्हाळ्यात मी मॅटीला बारशी गाठला.

"यंदा मेजरना बक्षिसं वाटायला बोलावू नकोस."

"का? काही म्हणाले का ते?"

"त्यांना लीक लावायचेत. स्पर्धेत. परसात थोरला चर खणून ठेवलाय."

मॅटीने पेला खाली ठेवला. "नोरा, तुला उन्हाचा त्रास होतोय का? दोन दोन पदकांचा माणूस, हातात लीक घेऊन आपल्या खाणीतल्या डिकी रॉबसनच्या मागे रांगेत उभा राहणार?"

"हो."

"आणि शेवटचा आला तर?"

"तर शेवटचा आला."

"छे छे. तुला पुरुषांतलं कळत नाही. सगळी पोरं हसतील. त्या माणसाने लोकांचे प्राण वाचवले, आणि मी त्याला फुटकळ भाजीवरून चारचौघांत खाली बघायला लावू? माझ्याच्याने व्हायचं नाही ते." मग जरा पुढे झुकून हळूच म्हणाला, "खरं सांगू का, आम्हालाही जिवावर येतं गं. टाय काय, स्वच्छ रुमाल काय, बायकांसारखं जपून बोलणं काय. बिअर कंपनीचा तो ढोल्या येऊन बक्षिसं वाटायचा तेव्हा मजा यायची. पण मेजरना नाही बोलावलं तर त्यांना काय वाटेल?"

मी कपाळाला हात लावला. एकाला वाटतं नाही म्हटलं तर दुसरा दुखावेल, दुसऱ्याला वाटतं नाही बोलावलं तर पहिला दुखावेल, आणि दोघं मिळून वर्षानुवर्षं सगळ्या गावाला टाय बांधायला लावतात.

ऑगस्टात मॅटी टाय बांधून गेलाच. आणि मेजर 'हो' म्हणालेच! मला कळलं तेव्हा माझं डोकं फिरलं. हातातलं पोतेरं तसंच घेऊन मी त्यांच्या दारात उभी राहिले.

"एक लक्षात ठेवा, मेजर. यंदापासून तुमचे लीक मी शिजवणार नाही. सोमवारी माझ्या दारी आणायचे नाहीत. शुक्रवारी संध्याकाळी सगळे आणतात तसे हॉलमध्ये आणा, नाहीतर एकट्याने बसून कच्चे खा."

मी घरी येऊन स्टॅनला सांगितलं तर तो म्हणाला, "तू मेजरला पोतेरं दाखवलंस?" आणि दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही.

शुक्रवारी संध्याकाळी हॉलमध्ये रांग लागली होती. ओल्या पोत्यात गुंडाळलेले लीक तान्ह्या बाळासारखे कवटाळून सगळे उभे. टेबलामागे मॅटी, हातात मोजपट्टी. लीकचा पांढरा भाग ठरल्यापेक्षा लांब असला तर तिथल्या तिथे बाद. डिकी रॉबसन मॅटीच्या डोळ्यांच्या नंबरावरून काहीतरी बोलत होता, सगळे खिदळत होते. आणि दार उघडलं.

मेजर आत आले. पदकं नाहीत, कोट नाही. कोपराला ठिगळ लावलेला जुना स्वेटर, चिखलाचे बूट आणि काखेत ओलं पोतं. डिकीने बाजूला होऊन त्यांना पुढे जायला वाट करून दिली.

"नको," मेजर म्हणाले. "तू माझ्या आधी आलायस."

आणि ते डिकीच्या मागे उभे राहिले. रांग सरकत होती, पण कोणी चकार शब्द काढत नव्हतं. मी हॉलच्या कोपऱ्यात चहाची भांडी उगाच इकडून तिकडे करत होते. त्यांचा नंबर आला तेव्हा मॅटीचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

"मेजरसाहेब, आपण उद्या बक्षिसं... म्हणजे नियम असा आहे..."

"नियम मला माहीत आहे. मी 'हो' म्हणालो ती माझी चूक झाली. बक्षिसं दुसऱ्या कोणाला तरी वाटू दे, मॅटी. मला लीक लावायचेत."

मॅटीने माझ्याकडे बघितलं. मी डोळे वटारले. मग त्याने हळूच मोजपट्टी उचलली, पोतं उलगडलं, आणि लीक मोजायला लागला. एकदा मोजला, परत मोजला. मला वाटलं, हा आता आदरापोटी मापात सूट देणार आणि सगळ्यावर पाणी ओतणार.

"बसतो मापात," तो शेवटी म्हणाला. "पुढचा!"

बक्षिसं वाटायला ऐनवेळी कोणी मिळेना. बायका तेव्हा क्लबाच्या सभासद होऊ शकत नव्हत्या, म्हणून मी स्पर्धेत उतरेन ही भीतीच नव्हती. स्टॅन म्हणाला, नोराला उभी करा. तेव्हा शनिवारी मी चर्चला जायची ठेवणीतली टोपी घालून उभी राहिले.

परगावचा परीक्षक सकाळीच येऊन गेला होता. पहिला आला डिकी रॉबसन. त्याने रंगीत टीव्ही उचलला आणि त्याच्या बायकोने किंकाळी फोडली. मग एकेक करून चादरी गेल्या, शेगडी गेली, घड्याळं गेली. मी नावं पुकारत होते आणि मेजर भिंतीला टेकून उभे होते. हात मागे, नजर सरळ समोर. परेडवर उभे असावेत तसेच. टेबल रिकामं होत चाललं तसतसा हॉल शांत होत गेला. शेवटी टेबलावर एकच वस्तू उरली. चहाची किटली गरम राहावी म्हणून तिच्यावर घालतात ती लोकरी टोपी. गुलाबी, झालरीची, वर गोंडा.

"शेवटचा नंबर," मी म्हटलं. मी टोपी उचलली. "विल्फ हिंडमार्श."

ते ताठ चालत पुढे आले. मी टोपी हातात दिली. कोणी टाळी वाजवेना, कोणी हसेना. सगळे खाली बघत होते. मला वाटलं, मॅटीचंच खरं होतं, आपण या चांगल्या माणसाचं हसं केलं, आणि तेही कोणी हसत नाही असलं हसं.

आणि मागच्या बाकावरून मॅटी उठला. त्याने टाय सैल केला.

"विल्फ!" तो ओरडला. "अरे लेका, चर खणावा तर तू! त्यात पलटण बसली असती! पण त्यात लीक लावायचे होते रे गाढवा, शेपूच्या काड्या नव्हे! तुझा बाप थडग्यात कूस बदलत असेल! घाल, घाल ती टोपी डोक्यावर, तुझं तोंड तरी झाकेल!"

एक क्षण काहीच झालं नाही. मग मेजर विल्फ हिंडमार्श यांनी ती गुलाबी टोपी डोक्यावर घातली, गोंडा नीट मध्यावर आणला आणि मॅटीला कडक सलाम ठोकला.

छप्पर उडेल असा हशा झाला. डिकी टीव्हीवर आडवा पडून हसत होता. स्टॅन कंबर धरून हसत होता आणि कण्हत होता. कोणी ओरडलं, "चहा ओत रे त्याच्यात!" कोणी म्हणालं, "हिंडमार्श, पुढच्या वर्षी मुळा लाव!" इतक्या वर्षांची साठलेली थट्टा एकदम बाहेर पडली, आणि ते मधोमध उभे राहून ती अंगावर घेत होते.

थोड्या वेळाने ते दिसेनात. मी मागच्या अंगणात गेले तर पिंपांजवळ भिंतीला हात टेकून उभे होते. टोपी डोक्यावरच, आणि गालांवरून पाणी वाहत होतं.

"ऐकलंस?" ते मला म्हणाले. "सगळ्यांसमोर गाढव म्हणाला मला."

"ऐकलं."

"स्टेशनवर म्हणाला होता, त्यानंतर आज."

मी त्यांना माझा रुमाल दिला. त्यांनी नाक शिंकरलं, स्वेटर ओढून सारखा केला, आणि आम्ही आत गेलो. शेकोटीजवळच्या खुर्चीत डिकी रॉबसन पाय पसरून बसला होता, मांडीवर टीव्हीचं खोकं. त्याने मेजरकडे बघितलं, आणि उठला नाही. कोणीच उठलं नाही. ते क्षणभर त्या खुर्चीकडे बघत राहिले. मग बाकापाशी गेले आणि मॅटीच्या पाठीत कोपर मारून म्हणाले, "सरक रे, जाड्या."

मॅटी सरकला.